माझ्या डोक्याची तीन कोटेशनं

गोखिवरे, वसई पूर्व
रविवार, जेवणं आटोपल्यावर

ती. प्रभाताईस,

सदूचा साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग कागदावरच मानून घे. डॉक्टरांनी जोर लावायला, जड उचलायला आणि उगाच तावातावाने बोलायला मनाई केली आहे. पहिल्या दोन गोष्टी मी पाळतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा दमा थंडीत आटोक्यात राहिला का? साखरप्याला यंदा आंब्याला मोहोर बरा आहे असं तुझा जितेश म्हणत होता. तो सांगतो त्यातलं निम्मं खरं धरलं तरी पेटी-दोन पेट्या आमच्याकडे यायला हरकत नाही. आता तू म्हणशील, फोन असताना याने पत्र का लिहिलं? तर ताई, फोनवर मी 'डॉक्टर' हा शब्द उच्चारला की तुझ्याकडची रेंज जाते. बाकी सगळ्या शब्दांना असते, नेमकी या एकाच शब्दाला जाते. कागदाला रेंज लागत नाही, शिवाय पत्र आलं की तू ते दोनदा वाचतेस हे मला माहीत आहे. तेव्हा चष्मा लाव, पाटावर नको, खुर्चीवर बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधीच सांगतो, मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो आहे आणि हे पत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. झालं असं की आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी गळते. (आमची टाकी गळत नसेल त्या दिवशी तुला तार करीन.) तडा नेमका कुठे आहे ते खजिनदाराला दाखवायला मी वर चढलो आणि शेवाळावरून पाय घसरून डोक्यावर आपटलो. खजिनदार म्हणजे ज्युलियस, भुईगावचा, बोटीवरचा निवृत्त इंजिनियर, मनाने सोन्यासारखा आणि आवाजाने भोंग्यासारखा. त्याने मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. पण डॉक्टरांना त्याची काडीची फिकीर नव्हती. डोक्याचा फोटो काढला, मग रंग घालून परत काढला, आणि मला समोर बसवून सांगितलं की पडल्याने काहीही झालेलं नाही, पण आत भलतंच सापडलं आहे. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगा आला आहे. फुटलेला नाही. कधीपासून असेल ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. असे फुगे कित्येकांच्या डोक्यात असतात आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. मात्र फुटला तर तो हसण्यावारी नेण्यासारखा प्रकार नसतो. माणूस जातो, नाहीतर अर्धा उरतो.

घरी येऊन मी विनिताला एवढंच सांगितलं की डोक्यात जरासं काहीतरी आहे, बघू. ती म्हणाली, ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. आम्ही दोघं हसलो, आणि ती हसली यातच मला इतकं बरं वाटलं की पुढचं सांगायचं मी टाळलं. टेंगूळ उतरलं तसं तिला वाटलं प्रकरणही उतरलं.

आता माझी सवय तुला ठाऊक नाही, कारण तू फ्लॅटमध्ये राहत नाहीस. मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि इतकी वर्षं आहे की मुलं मला नावाने न ओळखता 'सेक्रेटरी आजोबा' म्हणतात. सोसायटीत पंप बदलायचा असो की पायरी बसवायची असो, तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आम्ही खिळाही ठोकत नाही. आणि कोटेशन घ्यायला एकट्याने जायचं नाही, कमिटीतला एकजण बरोबर न्यायचा, म्हणजे मागाहून कोणी बोट दाखवायला नको. हे नियम माझेच. तेव्हा डॉक्टरांनी 'यावर वेगवेगळे उपाय आहेत, नीट विचार करून ठरवा' असं म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, तीन कोटेशनं घेऊ. आणि शेजारी बसलेला ज्युलियस मान डोलवून म्हणाला, मी येतो.

पहिलं कोटेशन डॉ. हर्षवर्धन यांचं. हे मेंदूचे सर्जन, उघडून काम करणारे. शांत गृहस्थ, बोटं लांब, बोलणं मोजकं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या पुढून कापायचं, कवटीचा छोटासा तुकडा खिडकीसारखा बाजूला काढायचा, आत पोचायचं आणि फुग्याच्या मानेला बारीकशी क्लिप लावून टाकायची. (विनिता वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटा लावते तशीच, फक्त दोरी माझ्या डोक्यात.) ज्युलियसने विचारलं, डेब्रिज, म्हणजे फोडलेला राडारोडा, कोण उचलणार? डॉक्टरांना क्षणभर कळेना. मग ते म्हणाले की काढलेलं हाड परत तिथेच बसवतात. ज्युलियस एकदम खूश झाला. काढलेलं मटेरियल परत वापरणारा माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. मी हमीबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, क्लिप नीट बसली की बहुतेक वेळा विषय संपतो, पुन्हा उघडायची वेळ सहसा येत नाही. पण धोका सगळा सुरुवातीलाच असतो. ऑपरेशन करताना झटका येऊ शकतो, हात किंवा पाय लुळा पडू शकतो, बोलणं अडखळू शकतं, फिट्स येऊ शकतात, आणि सगळं सुरळीत झालं तरी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. एवढं ते ज्या थंड आवाजात बोलले ना ताई, त्या आवाजात माणसं कोकम सरबत मागवतात.

दुसरं कोटेशन डॉ. एल्रॉय यांचं. हे आतून काम करणारे. मनगटातून किंवा मांडीतून केसासारखी बारीक नळी घालायची, ती रक्तवाहिनीतूनच डोक्यापर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो आतून बुजवायचा. कवटीला हात नाही, टाका नाही, सगळं ठीक झालं तर माणूस थोड्याच दिवसांत घरी. मी जवळजवळ सही करायला पेन काढलं होतं. पण ज्युलियस पुढे सरकला. आमच्या टाकीला आतून कोटिंग केलं होतं ते एका पावसात निघालं होतं, आणि त्या जखमेची खपली अजून पडलेली नाही. त्याने विचारलं, डॉक्टर, आतून केलेलं काम टिकतं का? डॉ. एल्रॉय अगदी सरळ माणूस निघाले. म्हणाले, सुरुवातीचा धोका साधारणपणे उघडण्यापेक्षा कमी असतो, पण नसतो असं नाही. नळी फिरवताना गुठळी होऊन झटका येऊ शकतो, क्वचित फुगा तिथल्या तिथे फुटूही शकतो. शिवाय वेटोळी कधी कधी दबून बसतात आणि रक्ताला परत वाट मिळते. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा फोटो, नंतर पुन्हा, आणि गरज पडली तर पुन्हा काम. ज्युलियस माझ्याकडे वळून म्हणाला, म्हणजे लिफ्टसारखं, एएमसी आहे, दरवर्षीचा देखभालीचा करार.

तिसरं कोटेशन आमच्या फॅमिली डॉक्टर सुझानबाईंचं. त्यांचं म्हणणं असं की वय, ब्लडप्रेशर, फुग्याचा आकार आणि जागा बघून काही फुगे नुसते नजरेखाली ठेवतात. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, ठरावीक काळाने फोटो काढायचा, वाढतोय असं दिसलं तर हालचाल करायची. कारण कधी कधी न फुटणाऱ्या फुग्यापेक्षा त्याला हात लावणंच महाग पडतं. हे मला मनापासून पटलं, कारण यात काहीच करायचं नव्हतं. ज्युलियस जिना उतरताना म्हणाला, हे कोटेशनच नाही रे, हे तर 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू' झालं.

ताई, आकड्यांनीही माझा घात केला. टाकीच्या कामात तिन्ही कोटेशनं शेजारी मांडली की आंधळ्यालाही दिसतं. इथे मी मांडली तर काहीच दिसेना. डॉ. हर्षवर्धन मला म्हणाले होते की दोन्ही उपायांचे आकडे एका मापाचे नसतात. ज्यांचं उघडून करतात ते रोगी वेगळे, ज्यांचं आतून करतात ते वेगळे, कोणाचा फुगा कुठे, कोणाचं वय काय. शेकड्यातले इतके म्हणतात तो शेकडा गर्दीचा असतो, आणि तुम्ही एकटे आहात. मी मान डोलावली आणि घरी येऊन चहात दोनदा साखर घातली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. एक फुगा आपणहून कधी फुटेल सांगता येत नाही, आणि तो फुटू नये म्हणून करायचं तेच आपल्याला लुळं करू शकतं. या दोहोंमध्ये वाटाण्याएवढी जागा, आणि त्यात मी बसलेलो. रस्त्यात कोणी मोठ्याने हाक मारली तरी मी डोकं धरायचो.

अशात सोसायटीची खास सभा आली, टाकीसाठी. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वडे, आणि इतिवृत्त लिहायला मी. टाकीचा विषय भांडणाशिवाय संपला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मग आला शेवटचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, आणि ज्युलियस उठला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी येशूच्या तसबिरीसमोरही सांगेन. घेतलेलं कोटेशन सभेपुढे न ठेवता घरात ठेवलं की भानगडीचा वास येतो, हे वाक्य माझंच, आणि त्याने ते मनावर घेतलं होतं. त्याने खणखणीत आवाजात सांगितलं की सेक्रेटरींच्या डोक्यात फुगा आहे, तीन ठिकाणची कोटेशनं आली आहेत, सभेने मार्गदर्शन करावं. पाठोपाठ उघडून, आतून आणि थांबा, असे तिन्ही प्रकार गुणदोषांसह समजावून दिले. त्यात एएमसीही आलं. मी थांबवायला हवं होतं, पण माझा हात सवयीने इतिवृत्त लिहीत राहिला.

पुढचं काय सांगू? लोक आधी चरकले, पण गळतीचा विषय निघाला की आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. तळमजल्यावरच्या एकांनी विचारलं की गळती सामायिक भागात आहे की सदस्याच्या स्वतःच्या जागेत, कारण स्वतःच्या जागेतली दुरुस्ती सदस्याने करायची असते. तिसऱ्या मजल्यावरची दिपिका, कॉलेजात रसायन शिकवते, तिने मुद्दा काढला की पडले ते सोसायटीच्या गच्चीवर, सोसायटीच्या कामासाठी, तेव्हा डोकं काही अंशी सामायिकच धरावं. कोणी म्हणालं, एकदाच फोडून पक्कं काम करा, आतून पुट्टी भरण्यात अर्थ नाही. मग कोणीतरी विचारलं की हे झोपून राहिले तर तितके दिवस सेक्रेटरी कोण? आणि ताई, जो तो आपल्या चपलेकडे बघू लागला. त्या एका प्रश्नावर सगळं मत फिरलं. ज्याच्यात माणूस लवकर घरी येतो ते काम करावं, असा जोरदार सूर निघाला. ज्युलियसने नियमाप्रमाणे उघडण्यातले धोके पुन्हा वाचून दाखवले, त्यात बोलणं बंद होण्याचा धोका आला तेव्हा मागून आवाज आला, तो धोक्यात का धरलाय, फायद्यात टाका. मीसुद्धा हसलो. अध्यक्षांनी 'आतून' या बाजूने हात वर करायला सांगितले, आणि सगळे हात वर गेले.

फक्त एक गेला नव्हता. शेवटच्या रांगेत विनिता बसली होती. ती सभेला कधी येत नाही, वडे तिने केले होते म्हणून आली होती. ती उभी राहिली. म्हणाली, "मी पण याच बिल्डिंगमध्ये राहते. तीन डॉक्टरांना विचारलंत, सगळ्या सोसायटीला विचारलंत. मला सांगितलंत, जरासं काहीतरी आहे." एवढंच. ती रडली नाही. तिने आपली खुर्ची उचलली, भिंतीपाशी ढिगावर नीट ठेवली आणि वर निघून गेली. हात अजून वरच होते, ते एकेक करून खाली आले.

मी वर गेलो. ती ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, तुला काळजी नको म्हणून. ती म्हणाली, काळजी मला नको असेल तर मी सांगेन, तुम्ही कोण ठरवणारे? मग तिने विचारलं, भीती वाटते का? मी हो म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. तर म्हणते, "मग घाबरायलाही ज्युलियसलाच बरोबर नेलंत?" तिचा हात पिठाचा होता, तोच तिने माझ्या डोक्यावर ठेवला, टेंगूळ होतं तिथे, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

त्यानंतर सूत्रं तिच्याकडे. तिने दोन्ही डॉक्टरांना फोन करून सांगितलं की आम्हाला तुम्ही दोघं एका खोलीत हवेत. (मला वाटलं ऐकणार नाहीत. ते म्हणाले, आम्ही अशा केसेस एकत्रच बघतो, तुमच्या मिस्टरांनीच वेगवेगळ्या वेळा घेतल्या होत्या.) तिने हमी विचारली नाही की टक्के विचारले नाहीत. तिने विचारलं, असली कामं तुम्ही अधूनमधून करता की नेहमी? आणि मग, बिघडलंच तर यांचं नेमकं काय जाईल, चालणं, बोलणं, की माणसं ओळखणं? डॉ. एल्रॉय खुर्ची तिच्याकडे वळवून बसले आणि सगळं सावकाश सांगितलं, जागेसकट. आणि मग डॉ. हर्षवर्धन यांनी माझे फोटो पुन्हा उजेडात धरले आणि म्हणाले, यांचं मी करू नये, एल्रॉयने करावं. फुगा नुसता नजरेखाली ठेवावा इतका लहान नाही, मान अरुंद आहे, जागा खोल आहे, वय झालं आहे, बीपी आहे. मान रुंद असती किंवा हे तरुण असते तर मीच उघडलं असतं. ताई, मी खुर्चीतून पडायचा राहिलो. इतक्या वर्षांत, दुसऱ्याचं कोटेशन घ्या असं सांगणारा ठेकेदार मी पाहिलेला नाही. त्या क्षणी माझा दोघांवरही विश्वास बसला.

तर पुढच्या महिन्यात आतून काम आहे. विनिताचं म्हणणं, जन्मात माझ्या अंगाला प्लॅटिनम लागलं नाही, ते तुमच्या डोक्यात चाललं. सभेने इतिवृत्तात दुरुस्ती केली: 'सेक्रेटरींनी पत्नीच्या संमतीने योग्य ते करावं, मात्र राजीनामा स्वीकारला जाणार नाही.' ज्युलियस रोज केळी आणून देतो आणि दारातूनच पळतो, कारण विनिता त्याला अजून पूर्ण बोललेली नाही. माझं मन आता पुष्कळ हलकं आहे. भाऊजींना नमस्कार, जितेशला आशीर्वाद, सूनबाईने पाठवलेलं मेतकूट संपलं हे तिला कळव.

तुझा धाकटा भाऊ,
सदू

ता. क. पत्र वाचून रडत बसू नकोस. आमसुलं पाठवशील तर बरं, इथली नुसती मिठाची असतात.

ता. क. २. आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. डॉ. एल्रॉय यांनी विचारलं, घरात कोणाला असं काही होतं का? मी नाही म्हटलं, आणि मग आई आठवली. विहिरीवर धुणं धूत होती, डोकं फुटतंय गं म्हणाली, खाली बसली ती उठलीच नाही. सगळे म्हणाले, ऊन लागलं. आपण दोघंही आजवर ऊनच म्हणत आलो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आता नक्की कोणी सांगू शकणार नाही, पण ते ऊन नसावं. आणि रक्ताच्या दोन माणसांत असं असलं तर बाकीच्या भावंडांनी एकदा डोक्याचा फोटो काढून घ्यावा. बाकीची भावंडं म्हणजे तू. कापाकापी नाही, मशीनमध्ये पडून राहायचं, ते खूप खडखडतं, बस. डोकं दुखलं की तू सुंठ उगाळून लावतेस आणि दार लोटून पडतेस, मला जितेशने सांगितलं आहे. मेहेरबानी कर आणि ये.

ता. क. ३. तू फोटो काढला नाहीस तर मीही टेबलावर झोपणार नाही, असं डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. तेव्हा पुढे काय होईल ते तुझ्या डोक्यावर.

ता. क. ४. ताई, मी विनिता. शेवटचं खोटं आहे, डॉक्टरांना असं काही सांगितलेलं नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी होणार, मी यांना नेणार. पण आईंबद्दलचं खरं आहे, डॉक्टर ते बोलले तेव्हा मी तिथेच बसले होते. तुमची वेळही मी त्याच हॉस्पिटलात, त्याच आठवड्यात घेतली आहे. या ना ताई. यांना आत नेलं की बाहेर बाकावर मी एकटी असेन, आणि मलाही खूप भीती वाटते.